रेफ्री हवेत चौकोन काढतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न : खेळांचं पान

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती आपल्याकडच्या पोरांनी मोबाईलवर बघितली, तिथून यूट्यूबवर वर्ल्डकपच्या जुन्या मॅच सापडल्या अन् तेव्हापासून रग्बीवरचे प्रश्न सुरूच आहेत. यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच माणसाबद्दलचे निघाले, जो मैदानात कुठंच दिसत नाही. ज्यांनी खेळ बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी एवढंच की मोठ्या रग्बीत १५ विरुद्ध १५ खेळतात, ८० मिनिटं, बॉल हातातून पुढं फेकायचा नाही, अन् गोललाईनच्या पलीकडं बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. मुंबईतली लीग सेव्हन्सची होती, ७ जणांची, तो प्रकार वेगळा.

सर, आम्ही नीटची तयारी करायलो, रात्री अभ्यास झाला की रूमवर रग्बीच्या मॅच लावतो. ट्राय झाला की रेफ्री हवेत चौकोन काढतो, कानाला हात लावतो अन् कुणाशी तरी बोलायलाय. पलीकडं कोण असतंय? अन् निकाल कोण देतंय, रेफ्री का तो? (एक विद्यार्थी, लातूर)

पलीकडं असतो टीएमओ, म्हणजे टेलिव्हिजन मॅच ऑफिशियल. तो चौकोन म्हणजे टीव्हीचा पडदा, रेफ्री सांगतोय की मला हे बघायचंय, घड्याळ थांबवा. टीएमओ स्वतः रेफ्रीगिरी शिकलेलाच माणूस असतो, बरेचदा आधी मैदानात शिट्टी वाजवून मग खुर्चीत बसलेला. त्याच्यासमोर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकाच वेळेला चालू असतात, शेजारी रिप्ले काढून देणारा ऑपरेटर, अन् कानात रेफ्री अन् दोन्ही बाजूच्या असिस्टंट रेफ्रींचा आवाज. हे चौघं एकाच लाईनवर असतात, म्हणजे असिस्टंट रेफ्रीसुद्धा मधीच सांगू शकतो की चौदा नंबरचा पाय बाहेर पडल्यासारखा वाटला, जरा बघा.

निकाल रेफ्रीचाच. टीएमओ सांगतो, दाखवतो, सुचवतो, पण शेवटी शिट्टी अन् हात मैदानातल्याचाच. अन् हल्ली तर स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर रिप्ले लागतो तो रेफ्री स्वतः मान वर करून बघतो अन् म्हणतो की मला इथं हात बॉलवर दिसतोय, तुला काही वेगळं दिसतंय का. हे सगळं बोलणं टीव्हीवर ऐकू येतं, मैदानातल्या प्रेक्षकाला रेडिओ घेऊन ऐकायची सोय कितीतरी ठिकाणी असते. मला विचारशील तर या सगळ्या यंत्रणेतली भारी गोष्ट कॅमेरा नाहीच, ही ऐकू येणारी बोलाचाली आहे. फुटबॉलमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निकाल तपासायची पद्धत, आलं तेव्हा लोक वर्षानुवर्षं चिडत राहिले कारण आत काय बोलणं चाललंय ते कळतच नव्हतं, नुसतं ताटकळत बसायचं. रग्बीत निकाल पटला नाही तरी तो कसा आला हे निदान कानावर पडतं.

आता अभ्यासाला लाग, मॅच रिझल्टनंतर बघ.

कबड्डीत टीम रिव्ह्यू मागते, क्रिकेटमध्ये कॅप्टन हातानं टी करतो. रग्बीत कॅप्टनला हा हक्क कामून नाही? (कबड्डी खेळाडू, परभणी)

देऊन बघितला होता. २०२१ ला रेनबो कप नावाच्या स्पर्धेत, ज्यात दक्षिण आफ्रिकेचे अन् आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटलीकडचे क्लब असतात, कॅप्टनला चॅलेंज दिलं होतं. ते पुढं काही टिकलं नाही. रग्बीत प्रत्येक रकमध्ये, म्हणजे बॉलवर ढीग पडतो ना तिथं, शोधायला गेलं तर काही ना काही चूक सापडतेच, मग शेवटच्या मिनिटाला कुणीही म्हणणार की जरा मागचं बघा. त्यामुळं हाक मारायचा हक्क फक्त अधिकाऱ्यांना. रेफ्री विचारू शकतो किंवा टीएमओ स्वतःहून कानात सांगू शकतो की थांब, मला काहीतरी दिसलंय. दुसरा भाग लोक विसरतात, त्यांना वाटतं टीएमओ बोलावल्याशिवाय बोलतच नाही.

एक गंमत मात्र बघण्यासारखी आहे. ट्रायनंतर दोन गुणांची कन्व्हर्जन किक असते, ती मारली गेली की त्या ट्रायचा विषय बंद, मग मागं जाता येत नाही. म्हणून ज्या टीमला आपल्या ट्रायमध्ये काहीतरी काळंबेरं आहे हे माहीत असतं तिचा किकर कसा पळत येतो अन् घाईघाईत किक उरकून टाकतो ते एकदा बघा. कॅप्टनला चॅलेंज नाही म्हणून काय झालं, डोकं चालवायला बंदी थोडीच आहे.

मी वकिली करतो. रेफ्री टीएमओला सांगतो की "ऑन-फील्ड डिसीजन ट्राय" किंवा "नो ट्राय". कॅमेरा आहे तर आधी रेफ्रीचं मत घ्यायचंच कशाला? सरळ व्हिडिओ बघा अन् सांगा. (एक वकील, बीड)

वकीलसाहेब, तुम्हीच हे विचारावं याचं नवल वाटलं, कारण हा सगळा मामला बर्डन ऑफ प्रूफचाच, म्हणजे पुरावा कुणी द्यायचा याचाच आहे.

पूर्वी रेफ्री दोन पद्धतीनं विचारायचा. एक, "ट्राय आहे का नाही?" दुसरी, "ट्राय न देण्यासारखं काही कारण आहे का?" ऐकायला सारखंच वाटतं पण दुसऱ्या प्रश्नात रेफ्रीनं मनात ट्राय दिलेला असतो, टीएमओनं फक्त आडकाठी शोधायची. पहिल्यात काहीच धरलेलं नसतं, अन् गंमत अशी की एकाच व्हिडिओवर दोन प्रश्नांची दोन उत्तरं निघायची. आता त्याऐवजी रेफ्रीनं आधी आपला निकाल बोलून टाकायचा अन् तो बदलायचा तर चित्रात स्पष्ट, उघड दिसलं पाहिजे. सातबाऱ्यावर एकदा नाव लागलं की ते खोडायला समोरच्यानं कागद आणायचे असतात, नुसतं "मला वाटतं ही जमीन माझी" म्हणून चालत नाही, तसंच हे.

आता याची झळ कशी बसते ते बघा. १० फेब्रुवारी २०२४, एडिनबरोचं मरेफील्ड, सिक्स नेशन्सची, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेची मॅच, स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स. फ्रान्स २०-१६ नं पुढं, वेळ संपलेली, स्कॉटलंडचा सॅम स्किनर बॉल घेऊन लाईनच्या पलीकडं ढिगाऱ्यात पडला. रेफ्री निक बेरी, त्याचा निकाल, नो ट्राय, बॉल वरच धरून ठेवलेला. मग रिप्ले सुरू झाले, एका पायावर बॉल, मग पाय सरकला, मग बॉल बहुतेक गवतावर, टीएमओ ब्रायन मॅकनीस बोलता बोलता ट्रायकडं झुकल्यासारखा वाटला, सगळं मैदान उड्या मारायच्या तयारीत. अन् मग त्यानं स्वतःला आवरलं, पक्का पुरावा नाही, मैदानातला निकाल कायम. स्कॉटलंड हरलं. रेफ्रीनं सुरुवातीला "ट्राय" म्हणलं असतं तर त्याच चित्रांवर बहुधा ट्राय राहिला असता अन् स्कॉटलंड जिंकलं असतं.

म्हणजे तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण सरळ व्हिडिओ बघा म्हणता, तर व्हिडिओत दिसलं पाहिजे ना. ट्रायच्या वेळेला बॉलवर आठ-दहा माणसं, कॅमेरा कुठूनही लावा, एखाद्याचं ढोपर आडवं येतंच. तिथं चार फुटांवर उभ्या असलेल्या रेफ्रीच्या डोळ्याला काहीतरी किंमत द्यावीच लागती. क्रिकेटमध्ये अंपायर्स कॉलवर आपण एवढं भांडतो, पण त्याच्यामागं विचार हाच आहे.

बॉल सरळसरळ पुढं गेलेला दिसतो, कॉमेंट्रीवाला पण म्हणतो पुढं गेला, तरी टीएमओ पास बरोबर म्हणतो. डोळे आमचे खराब का त्यांचे? (सेवानिवृत्त शिक्षक, नांदेड)

गुरुजी, डोळे तुमचे चांगलेच आहेत, पण नियम बॉल कुठं पडला यावर नाही, हातातून कोणत्या दिशेला सुटला यावर आहे.

हिशेब करून बघू. खेळाडू सेकंदाला ८ मीटर या वेगानं पळतोय. त्यानं बॉल मागं फेकला, हाताच्या मानानं सेकंदाला ३ मीटर मागं. पण बॉलला पळण्याचा वेग आधीच लागलेला आहे, तेव्हा जमिनीच्या मानानं बॉल अजून सेकंदाला ५ मीटर पुढंच चाललाय. मैदानावरच्या रेषा बघितल्या तर बॉल पुढच्या रेषेजवळ झेलला गेला, पण पास एकदम कायदेशीर. म्हणून टीएमओ रेषा बघत नाही, मनगट बघतो, बॉल सुटताना हात कुठं वळलेले होते ते. त्यात कॅमेरा तिरपा असला तर चित्र आणखीनच फसवतं.

अन् फसवणूक दोन्ही बाजूनं होते. २००७ चा वर्ल्डकप, कार्डिफला क्वार्टर फायनल, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड. ट्रायच्या आधी फ्रान्सच्या मिशालाकला मिळालेला पास पुढं होता हे नंतर सगळ्या जगानं बघितलं, फ्रान्स २०-१८ नं जिंकलं, न्यूझीलंड घरी. रेफ्री होता इंग्लंडचा वेन बार्न्स, पेशानं बॅरिस्टर, तेव्हा अगदी तरुण. त्याला ते दिसलं नाही अन् टीएमओला विचारायची परवानगीच नव्हती. कारण २००१ ला टीएमओ आला तेव्हा त्याचं काम फक्त गोललाईनच्या आसपासचं, बॉल टेकला का, पाय बाहेर गेला का, एवढंच. २००७ च्याच वर्ल्डकपच्या फायनलला इंग्लंडच्या मार्क क्यूटोचा डावा पाय टचलाईनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला, निसटता लागला हे टीएमओ स्टुअर्ट डिकिन्सननं पकडलं अन् ट्राय गेला, दक्षिण आफ्रिका १५-६ नं जिंकली. केसभर अंतर सापडलं ते त्याच्या हद्दीत होतं म्हणून, अन् हातभर पुढचा पास सुटला कारण तो हद्दीच्या बाहेर होता. हद्द नंतर वाढवली, आता ट्रायच्या आधीच्या खेळातलं, पुढचा पास, नॉक-ऑन (बॉल हातातून पुढं निसटणं), धसमुसळेपणा, हे सगळं मागं जाऊन बघता येतं, पण किती मागं याला नियम आहे.

अन् तरी भोकं राहतातच. २०१५ च्या वर्ल्डकपला ट्विकनहॅमला ऑस्ट्रेलिया-स्कॉटलंड, शेवटच्या मिनिटांत रेफ्री क्रेग जूबेरनं ऑफसाईडची पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलिया ३५-३४ नं जिंकली. नंतर वर्ल्ड रग्बीनंच, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेनंच, जाहीर केलं की तिथं पेनल्टी नाही, स्क्रम हवा होता, म्हणजे दोन्हीकडचे खांदे भिडवून बॉलसाठी ढकलतात ते. टीएमओ बसलेला होता, स्क्रीन चालू होती, पण त्या प्रकारच्या निकालावर त्याला तोंड उघडायची मुभा नव्हती. स्कॉटिश माणसापुढं टीएमओचं नाव काढू नये ते उगीच नाही.

यलो कार्ड दिलेला खेळाडू बाहेर बसलेला असतो अन् थोड्या वेळानं स्क्रीनवर येतं की आता रेड. हे बाहेर बसल्या बसल्या रेड कोण देतंय? अन् २०२३ च्या फायनलला न्यूझीलंडच्या कॅप्टनला रेड, आफ्रिकेच्या कॅप्टनला यलोच, हे काय गौडबंगाल? (इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर)

त्याला बंकर म्हणतात. तिथं टीएमओपेक्षा वेगळा माणूस बसतो, फाउल प्ले रिव्ह्यू ऑफिशियल. २०२३ च्या उन्हाळ्यापासून हे चालू झालं. आधी काय व्हायचं, डोक्याला मार लागला की रेफ्री अन् टीएमओ पाच-पाच मिनिटं रिप्ले बघत बसायचे, खेळाडू थंड, प्रेक्षक मोबाईल काढून बसलेले. आता रेफ्रीला यलो नक्की वाटलं पण रेडची शंका असली की तो दोन्ही हात मनगटापाशी एकमेकांवर आडवे धरतो, खेळाडू १० मिनिटांसाठी बाहेर, खेळ सुरू. बंकरवाल्याला त्यातली ८ मिनिटं मिळतात, शांतपणे सगळे अँगल बघायचे अन् सांगायचं, यलोच राहू दे किंवा रेड कर. उघड रेडच असलं तर रेफ्री बंकरची वाट बघत नाही, तिथंच दाखवतो.

प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतात. डोक्याला लागलं का? लागलं तर त्यात टॅकल करणाऱ्याची चूक होती का? असली तर धोका किती, वेग, जोर, खांदा लागला का हात? अन् शेवटी सूट देण्यासारखं काही आहे का, म्हणजे समोरचा ऐनवेळी एकदम खाली वाकला वगैरे.

२८ ऑक्टोबर २०२३, पॅरिसचं स्टाद द फ्रान्स. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन उभ्यानंच जेसी क्रिएलवर गेला, खांदा डोक्याला, यलो, मग बंकरनं रेड केलं. पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमध्ये रेड मिळालेला तो पहिला खेळाडू. दुसऱ्या हाफला आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी याचं डोकं न्यूझीलंडच्या आर्डी सव्हेआच्या डोक्याला लागलं, यलो, बंकरनं यलोच ठेवलं. वरचे चार प्रश्न लावले तर फरक तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात पडतो, पहिल्या दोनांत नाही. मला स्वतःला केनचं रेड बरोबर वाटतं, कोलिसीचं मात्र दोन्हीकडं वळू शकलं असतं, अन् असं वाटणारे लई जण आहेत.

त्याच मॅचला न्यूझीलंडच्या आरन स्मिथचा ट्राय झाला अन् टीएमओ टॉम फोलीनं कळवलं की लाईनआऊटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल परत आत फेकतात तिथं, सव्हेआच्या हातून नॉक-ऑन झालंय, ट्राय रद्द. नॉक-ऑन झालं होतं, यात वाद नाही. वाद हा की टीएमओला तेवढं मागं जाता येत होतं का, न्यूझीलंडवाले म्हणाले नाही. थोड्याच वेळात बोडन बॅरेटनं दुसरा ट्राय केला पण मॅच १२-११ नं आफ्रिकेची झाली. अन् शिट्टी कुणाच्या हातात होती माहितीय? त्याच वेन बार्न्सच्या. २००७ ला टीएमओ बोलू शकला नाही म्हणून न्यूझीलंड चिडलं, २०२३ ला टीएमओ बोलला म्हणून चिडलं, माणूस तोच मधी उभा. बार्न्स त्या मॅचनंतर निवृत्त झाला. फोलीला अन् त्याच्या घरच्यांना सोशल मीडियावरून इतक्या शिव्या अन् धमक्या आल्या की त्यानं आंतरराष्ट्रीय मॅचपासून बाजूला होत असल्याचं सांगितलं. आपण नाकं मुरडायची गरज नाही, २०२५ च्या महाराष्ट्र केसरीला अहिल्यानगरमध्ये निकालावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

बंकरचा निकाल म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही बरं का. ऑगस्ट २०२३ ला इंग्लंडच्या ओवेन फॅरेलला बंकरनं रेड केलं, शिस्त समितीनं ते काढून टाकलं, वर्ल्ड रग्बीनं अपील केलं अन् शेवटी चार मॅचची बंदी बसली. त्यानंतर आणखी एक बदल आलाय, २०२५ च्या सिक्स नेशन्सला रेड मिळालेल्याच्या जागी २० मिनिटांनी दुसरा खेळाडू आणता येत होता, अगदी मुद्दाम मारलं असेल तर मात्र नाही. तेव्हा हा नियम असता तर केनची टीम उरलेली सगळी मॅच १४ जणांवर खेळली नसती.

एक गोष्ट आणखी सांगतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ ला दाखवलं होतं की तीच घटना स्लो मोशनमध्ये बघितली की माणूस मुद्दाम करतोय असं जास्त वाटतं. म्हणून स्लो मोशनवर संपर्क कुठं झाला ते बघावं, अन् जोर किती होता ते खऱ्या वेगात. ही गोष्ट घरी सोफ्यावर बसून निकाल देणाऱ्या आपल्यासारख्यांना जास्त लागू आहे.

माझी मुलगी कॉलेजच्या टीमकडून रग्बी खेळते. तिच्या मॅचला असा कॅमेरा वगैरे काही नसतो, मग डोक्याला लागलं तर कोण बघणार? (गृहिणी, जालना)

ताई, खरं सांगायचं तर कॅमेरा नाहीच, रेफ्री अन् दोन बाजूचे एवढंच. टीएमओ मोठ्या टीव्हीच्या मॅचपुरता, कारण त्याला चहूबाजूनं कॅमेरे लागतात, एका मोबाईलवर ते होत नाही. मोठ्या मॅचला डॉक्टरसुद्धा वेगळ्या स्क्रीनवर रिप्ले बघत असतात अन् शंका आली की खेळाडूला तपासणीला बाहेर काढतात, २०२५ च्या महिला वर्ल्डकपला तर धक्का जोराचा बसला की दिवा लागणारे माऊथगार्ड होते.

तिच्या मॅचला हे नाही म्हणून नियम उलट कडक आहे. शंका आली की बाहेर, अन् त्या दिवशी परत आत नाही, पोरगी कितीही म्हणू दे की मी ठीक आहे. डोकं दुखतंय, उलटीसारखं होतंय, स्कोअर आठवत नाही, यातलं काहीही असलं तर डॉक्टरकडंच. कोचला आधीच विचारून ठेवा की मॅचला प्रथमोपचारवाला कोण असतो. कुणीच नसतो असं उत्तर आलं तर तुम्ही चिडायला हरकत नाही.

मॅच सारखी थांबती, मजा जात नाही का? (हिंगोली)

जाते की. पण सचिन १९९२ ला डर्बनला थर्ड अंपायरनं रनआऊट दिलेला पहिला बॅट्समन झाला तेव्हाही लोक हेच म्हणाले होते, अन् आज थर्ड अंपायरशिवाय रनआऊट कुणी मानायला तयार आहे का.

टीएमओ व्हायला काय करावं लागतं? मी बीपीएड करतोय. (धाराशिव)

थेट खुर्ची मिळत नाही, आधी शिट्टी हातात घ्यावी लागती. वर्ल्ड रग्बीच्या साईटवर नियमांचा अभ्यास अन् परीक्षा ऑनलाईन फुकट आहे, इंग्रजीत आहे पण व्हिडिओ दाखवून विचारतात त्यामुळं जमतं, तिथून सुरुवात करा. मग राज्य संघटनेकडं रेफ्रीच्या कोर्सची चौकशी, मग शाळा-कॉलेजच्या मॅच, अन् पळायचा स्टॅमिना. मुलींनाही हे लागू, आयर्लंडची जॉय नेव्हिल आधी खेळाडू होती, मग रेफ्री झाली अन् २०२३ च्या पुरुषांच्या वर्ल्डकपला टीएमओ म्हणून बसली, त्या वर्ल्डकपच्या अधिकाऱ्यांत ती एकटीच बाई होती. कोर्सची तारीख कळली की तुमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात लावायला सांगा, तुमच्यासोबत आणखी दोन-चार जण निघतील.